आप्पांच्या बीपीचे संशयित

...आणि सगळं येऊन अडलं कुठे, तर आईच्या मिठाच्या डब्यावर. म्हणजे तुम्हीच सांगा, घरात एका माणसाचं बीपी वाढलं तर ते कोणीतरी वाढवलेलंच असलं पाहिजे, हा कुठला न्याय? पण आमच्याकडे आहे, कारण आमच्याकडे आप्पा आहेत. आप्पा म्हणजे माझे आजोबा, आप्पासाहेब, कात्रज गाव होतं तेव्हापासूनचे कात्रजचे. आयुष्यभर डेअरीत नोकरी, नोकरी कसली, तर आलेल्या दुधातली भेसळ पकडायची. तुम्हाला सांगते, माणूस निवृत्त झाला, पण संशय नाही झाला. घरात काहीही आलं की पहिला प्रश्न, "अस्सल हाय का?" तूप अस्सल हाय का, हळद अस्सल हाय का, माझी मैत्रीण सलोनी पहिल्यांदा घरी आली तर तिच्याकडेसुद्धा असे बघत राहिले की... जाऊ दे. मी काही बोलले नाही. मी आपली बघत होते.

तर आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगले पिकलेले. माणूस आवाजावरून ओळखायचा, जिन्यावर पाय चाचपत टाकायचा, एकदा तर गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलला म्हणाले, "कधी आलास, ज्ञानदेव? बस की." ज्ञानदेव म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, चांगले धिप्पाड आहेत, टॉवेलसारखे मुळीच दिसत नाहीत. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, सोपं आहे, फक्त बीपी खाली आणा. इतकंच. आता बीपीची गोळी आप्पा कितीतरी वर्षं घेतायत, कधी तक्रार नाही, आणि नेमकं आत्ताच ते बीपी खाली यायला तयार नाही. तारीख मिळाली, बीपी जास्त, तारीख पुढे. पुन्हा तारीख, पुन्हा जास्त. डोस वाढवला, मग दुसरी गोळी जोडली, बीपी ढिम्म. उलट पाय सुजले आणि मांड्यांतलं त्राण गेलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकू देऊ नका, पुढे अवघड होईल. म्हणजे इकडे दिसणं चाललंय हळूहळू, आणि तिकडे तारखा.

मग सुरू झाला तपास.

पहिली संशयित, गोळी. "नकली हाय." मेडिकल बदललं, मग तेही बदललं. गोळी उजेडात धरून बघायचे, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, बरं का... आणि म्हणायचे, "कडा बघ कशी हाय. अस्सल गोळीची कडा अशी नसती." एक गोळी वाटीभर पाण्यात विरघळवली, वास घेतला, चव घेतली, आणि थुंकून म्हणाले, "खडूच हाय."

दुसरं संशयित, बीपीचं मशीन. ते खोटं बोलतंय का हे बघायला त्याचा पट्टा घरातल्या प्रत्येकाच्या दंडाला. बाबांचं नीट आलं, आईचं नीट आलं, माझं जास्त आलं. का नाही येणार? आप्पा एवढे जवळ तोंड आणून बघत असताना कोणाचं नीट येईल? पण मी काही बोलले नाही.

मग बीपीचे डॉक्टर. मुळात त्यांच्यासाठी कात्रज सोडून कोथरूडपर्यंत का जायचं, तर आमच्या इथल्या डॉक्टरांच्या आजोबांच्या दुधात आप्पांनी एकदा पाणी पकडलं होतं. त्या घरातला माणूस शिकून डॉक्टर झाला म्हणून काय झालं? आता कोथरूडच्या डॉक्टरांवरही नजर.

आणि मग आला विश्रांतवाडीचा पुरावा. आनंदीआत्या, म्हणजे बाबांची बहीण, आप्पांना हवापालटासाठी घेऊन गेली. राहिले तीन आठवडे. आणि बीपी उतरलं की. त्याच गोळ्या, तेच मशीन, तेच आप्पा. लगेच आत्याचा फोन, स्पीकरवर. "मी काही म्हणत नाही हं, वहिनी. पण आमच्याकडे मीठ बेतानंच असतं. मी काही म्हणत नाही." आता काहीच म्हणायचं नव्हतं तर फोन कशाला केला? आई 'बरं' म्हणाली आणि कढई घासायला लागली. ती कढई स्वच्छ होती. मी बघत होते ना.

आप्पा परत आले आणि आठ-दहा दिवसांत बीपी पुन्हा वर. झालं. निकाल लागला. आईनं त्या दिवसापासून घरभर अळणी स्वयंपाक सुरू केला, आमटी अळणी, भाजी अळणी, बाबा ऑफिसच्या कँटीनमध्ये जाऊन वेफर्स खाऊन यायचे आणि घरी मान खाली घालून जेवायचे. तरी बीपी वरच. कोणालाही वाटेल आता आई सुटली. छे. आप्पांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "आमटीत मीठ न्हाई. म्हंजे दुसऱ्या कशात तरी हाय."

त्या दिवशी आई गॅसकडे तोंड करून मला म्हणाली, "वैष्णवी, मी काय आप्पांचे डोळे जाऊ देईन का गं?" मी नुसती मान हलवली. ते तिला दिसलं नाही, पाठ होती तिची.

पण एक सांगते. आमच्या घरात एक वस्तू होती जिच्यावर आप्पांचा कधीच संशय नव्हता. ज्येष्ठमध. दिवाळीत घसा बसला तेव्हापासून सुरू केलं होतं. रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानातून काड्या आणायच्या, बाबांनी स्कूटरवर न्यायचं, आप्पांनी एकेक काडी चावून बघायची, दुकानदार हात जोडेपर्यंत. मग दुपारी बसून स्वतः खलबत्त्यात कुटायचं. सकाळच्या चहात, दुपारच्या चहात, रात्री दुधात, आणि मध्ये वेळ मिळाला तर तोंडात काडी. घसा केव्हाच सुटला होता, काडी काही सुटली नव्हती. आणि विश्रांतवाडीला? तिथे खलबत्ता नाही, आणि आत्यानं आणलेल्या तयार चूर्णाला त्यांनी हात लावला नाही. "पुडीत काय काय दळलेलं असतं, मला इचार." तीन आठवडे ज्येष्ठमध नाही, तीन आठवडे बीपी नाही. हे मला दिसत होतं. पण मी कोण? नववीतली मुलगी, वर्गात हजेरी देतानासुद्धा मला 'हजर' दोनदा म्हणावं लागतं, पहिलं बाईंना ऐकूच जात नाही.

पुढच्या वेळी कोथरूडच्या डॉक्टरांकडे आई आलीच नाही. आरोपीनं कशाला यायचं? बाबा गाडी लावायला जागा शोधत होते, म्हणजे तास गेला समजा, म्हणून आत आप्पा आणि मी. डॉक्टरांनी विचारलं, "याशिवाय काही घेता का, काका?"

"न्हाई."

"एखादं चूर्ण, काढा, आयुर्वेदिक काही?"

"औषध म्हणून काय बी न्हाई."

तिसरी गोळी लिहायला डॉक्टरांनी पेन उचललं आणि मी म्हणाले, "ज्येष्ठमध." कोणालाच ऐकू गेलं नाही. मग दुसऱ्यांदा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किती, केव्हापासून, सगळं विचारलं, आणि आप्पांना म्हणाले, "अहो काका, ज्येष्ठमध अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. मी गोळीनं बीपी खाली ओढतोय आणि तुम्ही चहातून वर ढकलताय. वर अंगातलं पोटॅशियम कमी होतं, दुसऱ्या गोळीनंही तेच होतं, मग पायांत त्राण कुठून राहणार? रक्त तपासू आणि हे आजपासून बंद."

आप्पा ताठ झाले. "शक्य न्हाई. अस्सल माल हाय. माझ्या हातानं कुटलाय."

डॉक्टर म्हणाले, "अस्सल आहे म्हणूनच. भेसळ असती तर एवढं चढलं नसतं."

परत येताना गाडी स्वारगेटला पोचली तेव्हा आप्पा एकदम म्हणाले, "दूध अस्सल, लिंबू बी अस्सल. एकत्र केलं की नासतंयच." आणि खिडकीकडे तोंड केलं. बाबा आरशातून माझ्याकडे बघायला लागले, काय झालं म्हणून. मी काही बोलले नाही.

ज्येष्ठमध बंद झालं, हळूहळू बीपी उतरलं, तारीख मिळाली आणि ती पुढे गेली नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर घरी आले, आईकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दीपाली, लई वाळलीस गं." माफी म्हणून आमच्याकडे एवढंच मिळतं. आई आत गेली आणि या वेळी कढई खरंच खराब होती, पण ती घासत नव्हती.

मला वाटलं, संपलं. आता कोणावर संशय घेणार? तर आप्पांनी खुर्ची उचलली आणि माझ्या टेबलासमोर आणून ठेवली. "ही पोरगी," बाबांना म्हणाले, "बोलत न्हाई, नुसती बघती. एवढे दिवस हिला समदं ठाऊक व्हतं. हिच्यावर ध्यान ठिवाय पायजे."

तेव्हापासून समोर बसून आहेत. मी अभ्यास करते, बघतात. मी पाणी प्यायला उठते, बघतात. आणि पुढच्या महिन्यात दुसरा डोळा आहे.