सिस्टरला हाक मारायची न्हाई

(मिरजेतला एक दवाखाना, भर दुपार. कडेगावच्या हरणाबाई नवऱ्याच्या खाटेशी बसल्या आहेत. नाथाजींना न्युमोनिया झालाय; रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनची क्लिप त्यांच्या बोटाला लावली आहे. रेश्मा सिस्टर नुकत्याच वॉर्डात परतल्या आहेत.)

हरणाबाई : ...तर मी त्या सायबास्नी सांगितलं, आमच्या रेश्मा सिस्टर लय गुणाच्या.

रेश्मा : कोणते साहेब, मावशी?

हरणाबाई : आत्ताच आल्तं की. पेशंटची सोय नीट हुतीया का, इचारत हुतं. म्हणलं, काय सुदिक तक्रार न्हाई.

रेश्मा : सकाळी मी तुमच्या अंगावर खेकसले, ते नाही सांगितलंत?

हरणाबाई : ते कशाला सांगू? तुमी एकल्या आन् पेशंट वॉर्डभर. कालपास्नं घराचं तोंड बघितलं न्हाई तुमी. माणूस वसकणारच की.

रेश्मा : दुसरी सिस्टर आलीच नाही, मग मलाच थांबवलं. आत्ता पलीकडं एकाला झटका आला, तिथंच अडकले. डोकं ठिकाणावर राहत नाही बघा. बरं, मामा कसे आहेत?

हरणाबाई : निवांत झोपल्यात. मगाशी लय तळमळत हुतं. छाती भात्यावानी हालत हुती. मग गप झालं.

रेश्मा : दम लागला होता? मग मला हाक नाही मारायची?

हरणाबाई : तुमीच म्हणला न्हवं सकाळी? मशीन वाजली की सारखं बोलवू नका, बोटाची क्लिप सरकली असंल, हे बटण दाबा. मी दाबलं की.

रेश्मा : किती वेळा?

हरणाबाई : वाजंल तवा. थांबंनाच, तवा दाबूनच धरलं. मग बसली गप.

रेश्मा : मावशी, पडद्यावरचा आकडा लाल झाला होता?

हरणाबाई : झाल्ता की. म्हणलं, पोरगी दमलीया, हाक मारली तर पुन्यांदा चिडंल. आपलं आपुन बघावं.

रेश्मा : मामा. ओ नाथाजीमामा, डोळे उघडा. माझ्याकडं बघा... कोण आहे बाहेर? डॉक्टरांना बोलवा, पळा. मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा.

हरणाबाई : माजं काय चुकलं का, लेकी?

रेश्मा : तुमचं नाही. तुमचं काहीच नाही, मावशी. माझं... बाहेर थांबा ना, पाया पडते.

हरणाबाई : जाते की. पर हळू उठवा त्यास्नी. परवापास्नं डोळ्याला डोळा लागला न्हवता.