पायलचा पहिला राउंड

चहा घेता घेता सांगतो. आमच्या वाटूरच्या शाळेत सातवीत पायल हाय. लहानपणी तिच्या पायाचं ऑपरेशन झाल्तं, म्हणून पीटीच्या तासाला ती लिंबाखाली बसून राहायची. परवा डॉक्टरनं परवानगी दिली, तवा मी म्हणलं, "बेटा, मैदानाला हळूहळू एक राउंड मार."

ती निघाली अन् पळतच राह्यली. कापसाच्या वावरातून वारा येत होता, अन् ती डोळे अर्धे मिटून, झोपेत हसल्यागत हसत होती. शिट्टी वाजवली, तिला ऐकूच गेली न्हाई. मी घाबरून तिच्या मागं पळालो.

"पायल, थांब! पाय दुखंल!"

"दुखून राह्यलाय, सर," ती म्हणाली. "आजवर बसून दुखायचा. आज पळून दुखून राह्यलाय!"