भावाच्या यंत्राची दुसरी चाचणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या कंपनीच्या संगणकांचं जाळं सांभाळणाऱ्या आपल्या सर्वांच्या नेटवर्कबाई, त्यांचे कुटुंबीय आणि भाषणं कधी संपतात याकडे कान लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

खरेदी विभागाच्या माणसाला माईक देणं ही जोखीमच. पण बाईंनीच माझं नाव सुचवलं आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, अशी अट घातली.

एका सकाळी आपल्या औषधांच्या गोदामांमधले सगळे संगणक बाहेरच्या कुणीतरी बंद पाडले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. दवाखान्यांची औषधं दारातच अडकली. नवा फायरवॉल घ्यायचं ठरलं. बाहेरून येणारी माहिती तपासून मगच आत सोडणारं हे यंत्र. तीन यंत्रं चाचणीला आली. त्यातलं एक बाईंच्या धाकट्या भावाच्या कंपनीचं.

बाईंनी पहिल्याच बैठकीत नातं सांगितलं, मला यातून वगळा म्हणाल्या. पण हे काम दुसऱ्या कुणाला येत होतं? चाचणी तुम्ही करा, निर्णय समिती घेईल, असं ठरलं.

भावाचं यंत्र नापास झालं. तपासणी सुरू केली की ते पार मंदावायचं. बाईंच्या निःपक्षपातीपणाचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. भावाला त्यांनीच फोनवर कळवलं. तो एवढंच म्हणाला, बरं ताई.

त्यानंतर बाईंना जेवण जाईना. एका दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बाकी दोन यंत्रांवर नेहमीच्या तपासण्या लावल्या. त्याच्या यंत्रावर होत्या नव्हत्या त्या सगळ्या लावल्या. कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून."

मी म्हटलं, आपल्या कंपनीचं काही बिघडलेलं नाही, सोडून द्या. त्यांनी सोडलं नाही. समितीपुढे जाऊन आपली चाचणी चुकल्याचं सांगितलं. कौतुक करणारेच मग कुजबुजू लागले, की शेवटी रक्ताचं नातं! दुसरी चाचणी बाहेरच्या तज्ज्ञाने घेतली. भावाचं यंत्र व्यवस्थित पास झालं. पण बिघाड झाला तर लगेच माणूस पाठवायची सोय दुसऱ्या कंपनीकडे होती, म्हणून काम तिला मिळालं. बाईंच्या हाती काय लागलं? ऑफिसात संशय आणि घरात अबोला.

भाऊ यंत्र परत न्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो. खोकं बांधता बांधता त्याने विचारलं, "ताई, माझी कीव आली म्हणून पुन्हा तपासायला लावलंस?"

"कीव नाही रे. पहिल्यांदा तुला भाऊ म्हणून तपासलं. इतरांसारखं तपासायला हवं होतं."

खोक्याची एक बाजू त्याने उचलली, दुसरी बाईंनी, आणि दोघं जिना उतरून गेले.

तेव्हापासून कोणत्या तपासण्या लावायच्या हे बाई यंत्रं येण्याआधीच समितीला कळवू लागल्या. आपण त्याला शिस्त म्हणतो. बाई म्हणतात, शिस्त कसली, मी स्वतःला घाबरते.

मघाशी आत येताना त्यांनी मला बजावलं, "भाषणात मला न्यायी म्हणू नका. पहिला निकाल मीच दिला होता." बाई, नाही म्हणत. पण तो निकाल चुकला हे आम्हा कुणालाही कळलेलं नव्हतं, आणि कधी कळलंही नसतं. ते सांगायला तुम्ही आपल्या पायांनी आलात, एवढं मात्र मी म्हणणार.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा आणि संयोजकांचा आभारी आहे. मोजूनमापून बोलायची सवय असूनही कुठे शब्द जास्त झाला असेल, तर तो आपण पोटात घालावा. धन्यवाद.