बॉयलरची उघडी नळी

माझं माहेर नागपूरचं, लग्न होऊन खमरियाच्या क्वार्टरात आली ती जबलपूरचीच झाली, बोलता बोलता हिंदी कधी घुसते मलाच कळत नाही, तुम्ही लिहून राहिले तर येईल तसं लिहा. आमचे हे फॅक्टरीत, गोळ्यांत बारूद भरायच्या सेक्शनला. काय सांगू तुम्हाला, ती पिवळी पूड अशी चिकटे की बनियन पिवळी, उशीचे अभ्रे पिवळे, आणि लढाई लागली, ओव्हरटाइम वाढला, तसे यांच्या अंगावर फोडच फोड आले. डॉक्टर म्हणाले, ड्यूटी सुटली की लगेच गरम पाण्यानं धुऊन काढा, नाही तर इथून काढावं लागेल. म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली की क्वार्टर गेलं, पोरगा तर अजून मांडीवर.

आता गरम पाणी आणू कुठून. बंब अंगणात, बूड झिजलेलं, आणि अंधार पडला की ब्लॅकआउट. एक ठिणगी दिसली तरी वॉर्डन ओरडे, भाभी, दुश्मन को पता दे रही हो क्या. दुपारी तापवलेलं पाणी हे येईपर्यंत थंडगार.

मग बदली झालेल्या एका साहेबाच्या बंगल्यातून यांनी जुना बिजलीचा बॉयलर आणला. बंद ड्रम, आत रॉड, आणि डोक्यावरून एक नळी वर गेलेली, तोंड उघडं. शेजारचे दुबे भैया पाण्याच्या पंपावर होते, ते म्हणाले, भैया, वहाँ छत पे टंकी थी, पानी धीरे आता था, तुम्हारी तो सीधी लाइन है, पहले टंकी रखो. पण टाकी आणावी कुठून, पत्र्याचा तुकडासुद्धा लढाईवर जाऊन राहिला होता.

यांनी सरळ लाइनलाच जोडला. झालं, लाइनच्या जोरानं त्या वरच्या नळीतून नुसतं कारंजं. भैयांची बायको, दुबे दीदी, हसून म्हणाली, साहब का फव्वारा भी साथ आया क्या. ते यांना लागलं. यांच्या सेक्शनला जरा फट राहिली की माल परत येई, गळणारी वस्तू यांना पाहवतच नसे. यांनी त्या नळीला आटे पाडून टोपण बसवलं, थेंब नाही. पण संध्याकाळी फॅक्टरी पाणी ओढी, लाइनचा जोर जाई आणि आमचं तापलेलं पाणी उलटं लाइनीत पळे, म्हणून दोन-चार दिवसांनी यांनी ड्रम भरल्यावर पाणी आत यायचा खालचा कॉकही बंद केला. मी म्हटलं, अहो, वाफ जाईल कुठून. म्हणाले, पाणी तापवायचं आहे, रेल चलानी है क्या. स्वतःच बटन दाबलं आणि न्हाणीत पाटावर बसून राहिले.

एवढा मोठा आवाज झाला की क्वार्टरांच्या अख्ख्या रांगेला वाटलं बम पडला. आम्हाला शिकवलंच होतं ना, आवाज झाला की पालथं पडायचं, कानात बोटं घालायची. सगळे पडले. मी हाका मारून राहिली, दुबे भैया, दीदी, कोणी तरी या, आणि अंधारातून तेच मला सांगून राहिले, लेट जाओ भाभी, लेट जाओ. यांच्या छातीवर, दोन्ही हातांवर उकळतं पाणी. हात धरून ओढायला गेली तर कातडी माझ्या हातात आली, मग काखेत धरून ओढले. दिवा लावता येत नव्हता. दुबे भैया पोटावर सरकत सरकत आले, त्यांचा हात गरम पाण्यानं ओल्या फरशीला लागला, तेव्हा म्हणाले, अरे, ये तो बॉयलर फटा है.

हे वाचले, पण बोटं चिकटली ती चिकटलीच, भरायचं काम सुटलं. गेटवर बसवलं म्हणून क्वार्टर राहिलं. त्या फोडांचं मग कोणी विचारलंही नाही. आणि इतकी वर्षं, जबलपूरच्या थंडीतही, हे थंड पाण्यानंच आंघोळ करत आले, मी कधी काहून म्हणून विचारलं नाही.

आता अधारतालला पोराकडे असतो. हे बिछान्यावरच असतात, मी ओल्या कपड्यानं अंग पुसते. काल स्वतःहून म्हणाले, जरा गरम पाणी दे. मी गॅसवर पातेल्यात तापवलं, झाकण न ठेवता, कोपर बुडवून पाहिलं आणि पुढे धरलं. यांनी दोन्ही हात पाण्यात टाकले आणि डोळे मिटले, पाणी निवेपर्यंत काढलेच नाही. मीही पातेलं धरून बसली. आजही मागावं त्यांनी, बस, एवढंच.