साहेबाची एक चप्पल

हसू नका गड्यांनो, खरं घडलेलं सांगतो. माझी पुतणी सविता हिनं कॉम्प्युटरच्या सी भाषेत नावांची यादी वाचणारा प्रोग्राम लिहिलता. तो बघून तिला नोकरी द्यायची का ते ठरवायला लातूरचे साहेब मुरुडला आमच्या घरी आलते. त्यात मराठी नावांतली अक्षरं मधीच गायब!

साहेब म्हणले, "चहा होईस्तोवर नीट कर, न्हाईतर नोकरी विसर."

सविता रडकुंडीला आली. "काका, कॉम्प्युटरात एका मराठी अक्षराचे तीन बाइट, म्हंजे तीन भाग. प्रोग्राम यादी तुकड्या-तुकड्यानं वाचतोय. तुकडा मधीच तुटला की अर्धं अक्षर फेकलं जातंय."

चहा संपला, प्रोग्राम तसाच. सविताला येळ मिळावा म्हणून मी गुपचूप साहेबाची एक चप्पल लपवली. दुसरी हातात धरून साहेब पहिली शोधायला लागले.

ते बघून सविता वरडली, "काका, फेकायचं न्हाई! उरलेलं येईस्तोवर अर्धं धरून ठेवायचं!"

खटाखट बदललं. सगळी नावं पूर्ण आली.

साहेब म्हणले, "नोकरी पक्की. पण माझी चप्पल?"

मी म्हणलं, "येतीय साहेब. तवर हातातली फेकू नका."