वळणापर्यंतची गोष्ट

नेलिदा : "आधी घंटा येतात गं, मग खुरं येतात. मग वास येतो. आणि मग तू नसतेस, नुसते तुझे पाय असतात." असं म्हणायचे बाबा. रोसारिओच्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, हातात वर्तमानपत्राची सुरळी धरून. मी सहा वर्षांची असेन. अजून तो आवाज कानात तसाच आहे.

कासिल्दा : कठड्यावरून एवढं वाकू नका, बाई. गेल्या वर्षी एका जर्मन पाहुणीचा चष्मा खाली पडला, थेट एका पळणाऱ्याच्या डोक्यात. बैलांनी सोडला त्याला, चष्म्यानं खोक पाडली.

नेलिदा : हो, हो. मागे होते.

कासिल्दा : तुमचे वडील इथले, पाम्प्लोनाचे? मग आधी नाही का सांगायचं! गॅलरी भाड्यानं लावून देणाऱ्या माणसानं मला एवढंच कळवलं, एक बाई, अर्जेंटिनाहून.

नेलिदा : इथलेच. मार्चमध्ये वारले. आम्हाला कधी स्पेनला आणलं नाही त्यांनी. विमानाची भीती वाटते म्हणायचे. माझे भाऊ हसायचे, बैलांपुढे पळालेला माणूस आणि विमानाला भ्यायचा! आईसुद्धा म्हणायची, हा कुठला पळतोय, गॅलरीतून बघितलं असेल. माझा एकटीचा विश्वास होता. म्हणून आले मी. ते पळाले होते, एवढं इथल्या कुणीतरी सांगावं. बस्स, एवढंच हवंय.

कासिल्दा : अहो, पळतात हजार आणि पळालो म्हणून सांगतात दहा हजार. थांबा, माझा भाऊ येईल आता नाश्त्याला तळलेले चुरोस घेऊन, त्याला विचारा. तो खरा पळालेला. न विचारता मांडीवरचा व्रण दाखवेल. सत्तरी आली तरी लाज नाही.

नेलिदा : खाली किती शांत झालं एकदम.

कासिल्दा : आठला अर्धं मिनिट उरलंय. तिकडे उतारावर संताचं गाणं तिसऱ्यांदा म्हणून झालं असेल. आता कुणी बोलायचं नाही.

नेलिदा : उड्या का मारताहेत सगळे?

कासिल्दा : पाय थरथरतात ते दिसू नये म्हणून. ऐका, बाण उडाला! गोठ्याचं दार उघडलं. आणि हा दुसरा, सगळे बैल बाहेर आल्याचा. लगेच आला, म्हणजे कळप एकत्र आहे. चांगलं झालं. एकटा पडलेला बैल वाईट.

नेलिदा : घंटा! कासिल्दाबाई, खरंच हो, आधी घंटाच येतात!

कासिल्दा : वळणाकडे बघा, वळणाकडे!

नेलिदा : अरे देवा. तो घसरला. बैल घसरला! त्याच्या खाली माणूस आहे, माणूस आहे खाली!

कासिल्दा : पडून राहा रे! ए निळ्या बुटाच्या, उठू नको! पडून राहा!

नेलिदा : आणि तो दुसरा काय करतोय? त्यानं शेजारच्या पोराचा शर्ट धरला! पुढे ओढलं त्याला, बैलाच्या पुढे ओढलं! अहो, ओढलं हो त्यानं!

(कळप गल्लीतून निघून जातो. सगळं मिळून वीस सेकंद.)

नेलिदा : संपलं?

कासिल्दा : संपलं.

नेलिदा : एवढंच? मी श्वाससुद्धा सोडला नव्हता. ते रक्त आहे ना, दगडावर?

कासिल्दा : वाईन असेल. नाही, रक्तच आहे. तुम्ही बसा बघू. पांढऱ्याफटक पडलात. डोकं गुडघ्यात घाला. उचललं त्या पोराला, कुंपणाआडच असतात ते लोक स्ट्रेचर घेऊन. डोळे उघडे होते त्याचे, मी बघितलं ना.

नेलिदा : आणि ती माणसं हसताहेत. समोरचा दुकानदार खुर्च्या मांडतोय, कासिल्दाबाई! ज्या जागी तो पडला त्या जागी!

कासिल्दा : मग कुठे मांडणार? पळून आलेल्यांना भूक लागते. अंडी, सॉसेज, हॅम, सगळं लागतं.

नेलिदा : आणि बैल? ते आता जातात कुठे?

कासिल्दा : रिंगणात. आतल्या गोठ्यात. संध्याकाळी साडेसहाला त्यांची लढत.

नेलिदा : आणि मग परत?

कासिल्दा : परत कुठले? सहाही मारतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

नेलिदा : सहाही? हे आत्ता गेले तेच? नाही. नाही हो, मला ठाऊक नव्हतं. बाबांच्या गोष्टीत कुणी मरायचं नाही. रक्तसुद्धा नसायचं. घंटा असायच्या, दगड असायचे, पहाटेच्या पावाचा वास असायचा. गोष्ट या वळणापर्यंत यायची आणि ते म्हणायचे, "पुढचं उद्या." उद्या पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, मला झोप यावी म्हणून थांबतात.

कासिल्दा : गोड होते म्हणायचे. पण तुम्हाला एक सांगते. इथे पडलं तर चालतं. भ्यालं तर चालतं. ऐन वेळी कुंपणावर चढून पळून गेलं तरी कुणी हसत नाही, उद्या परत ये म्हणतात. पण दुसऱ्या माणसाला धरायचं नाही. आत्ता त्या शर्ट ओढणाऱ्यानं केलं ना, ते. ते करणाऱ्याला या गावात पाणी विचारत नाहीत.

एलादियो : दार उघडं टाकून बसलीयस, कासिल्दा. चोर शिरला म्हणजे? बाकी नेण्यासारखं घरात आहे काय म्हणा, तुला नेलं तर दुपारच्या आत परत आणून सोडेल.

कासिल्दा : आला माझा दादा. चुरोस गार करून आणलेस ना?

एलादियो : दोन जिने, एक पाय. हिशेब तू कर. नमस्कार, पाहुणीबाई. मी एलादियो. घाबरलात वाटतं? घाबरायलाच पाहिजे. जो घाबरत नाही त्याला मी जवळसुद्धा उभा करत नाही.

कासिल्दा : यांचे वडील आपल्या गावचे रे. पळायचे म्हणे, आणि ते या वळणावर. यांच्या घरच्यांना पटत नाही. तू सांग काय ते.

एलादियो : नाव सांगा. या वळणावर पळालेला आणि मला न ठाऊक असलेला माणूस अजून जन्मायचाय.

नेलिदा : फाउस्तो. फाउस्तो इरुर्सुन. पंचेचाळीस वर्षं झाली गाव सोडून. बेकरीत कामाला होते इथे. ओळखता? ओळखता ना, तुमचा चेहराच सांगतोय! कासिल्दाबाई, अहो हातातलं चॉकलेट, सांडतंय.

कासिल्दा : उठा.

नेलिदा : काय?

कासिल्दा : उठा माझ्या खुर्चीवरून.

एलादियो : कासिल्दा, तिचं काय त्यात?

कासिल्दा : तू गप्प बस! तुझ्यासाठीच बोलतेय मी. फाउस्तोची मुलगी! माझ्या गॅलरीत, माझ्या हातचं चॉकलेट पीत बसलीय! पळाले होते का विचारत होतात ना? पळाले होते. घ्या, मिळालं तुम्हाला हवं ते. याच्याच बरोबर पळाला तो, लंगोटीयार होते दोघं. बैल वळणावर घसरून उठला, आणि तुमच्या बाबांनी माझ्या भावाचा शर्ट धरून त्याला आपल्या पुढे ओढलं. शिंग मांडीत गेलं ते इथवर. आठ महिने अंथरुणात होता माझा भाऊ. हा पाय तेव्हापासून असाच.

नेलिदा : नाही.

कासिल्दा : फोटो होता, बाई! सकाळी पळतात आणि दुपारी फोटो दुकानाच्या काचेत लागतात, तेव्हाही लागायचे, आजही लागतील. सण संपेपर्यंत होता काचेत. दोघं पाठमोरे, पांढरे कपडे, मधे शर्टात रुतलेली मूठ. शिंग कुणाच्या मांडीत गेलं ते तर गावाला ठाऊकच होतं. मग मूठ कुणाची, हे सांगायला काय पंडित लागतो?

नेलिदा : माझे बाबा मुंगी मारायचे नाहीत. तुम्ही चुकताय. दुसरा कुणी असेल.

कासिल्दा : मी चुकीन? मी? सप्टेंबरात माझं लग्न होतं त्याच्याशी.

नेलिदा : बाबांशी?

कासिल्दा : चादरींवर दोघांची अक्षरं भरून झाली होती. एका कोपऱ्यात त्याचं, एका कोपऱ्यात माझं, बारा चादरी. ती उसवायला मला अख्खा हिवाळा लागला. दोरा निघतो हो, भोकं राहतात. अजून वापरतेय त्याच चादरी, टाकवत नाहीत.

एलादियो : पुरे कर आता.

कासिल्दा : का पुरे? ऐकू दे ना तिला गोष्टीचं पुढचं. पळून आल्यावर ज्या टेबलाशी सगळी मंडळी अंडी खायला बसायची, तिथली त्याची खुर्ची काढून भिंतीशी ठेवली. तो आला, खुर्ची बघितली, आणि टोपी घालून गेला. बेकरीत लोक त्याच्या हातचा पाव घेईनात. शेवटी या दारात आला एकदा. तिथे, तुमच्या मागे, चौकटीत उभा राहिला.

नेलिदा : काय म्हणाले?

कासिल्दा : म्हणाला, "एलादियोला विचार." एवढंच. माझा भाऊ तिकडे तापानं फणफणतोय आणि मी त्याला विचारू? काय विचारू, की ज्यानं तुला शिंगावर दिलं तो बरा आहे का? मी दार लावलं तोंडावर. महिन्याभरात बोटीनं गेला तो. मी काही लग्न केलं नाही, पण ते त्याच्यामुळे नाही, कुणी तसं समजू नये.

नेलिदा : मला थोडं पाणी द्याल?

एलादियो : हे घे, पोरी. सावकाश.

नेलिदा : रविवारी ते कधी टेबलाशी बसायचे नाहीत. आम्ही सगळे जेवायचो आणि ते ताट घेऊन ओट्याशी उभे राहून खायचे. आई चिडायची. ते म्हणायचे, सवय आहे. मला काय ठाऊक! मला वाटलं, त्यांच्या गावाकडे तशी पद्धत असेल. मी आल्या दिवसापासून इथे बघतेय, सगळे बसून जेवतात.

एलादियो : उभं राहून जेवायचा?

नेलिदा : चाळीस वर्षं.

एलादियो : चाळीस वर्षं.

कासिल्दा : जेवेना का डोक्यावर उभा राहून. तुझा पाय येणारेय का त्यानं परत?

नेलिदा : तुमचं बरोबर आहे, कासिल्दाबाई. मी जाते. माझे भाऊ हसत होते तेच बरं होतं, निदान त्यात ते नुसते थापाडे होते. एलादियोकाका, मला ठाऊक नाही हे कसं म्हणतात. इतक्या वर्षांनी, आणि मुलीनं. पण ते तर आता म्हणू शकत नाहीत. त्यांनी तुमच्याशी जे केलं त्याची मी माफी मागते. त्यांच्या वतीनं. हात जोडते तुमच्यापुढे.

एलादियो : हात खाली कर.

नेलिदा : नाही, मला म्हणू द्या—

एलादियो : खाली कर म्हणतो ना! माझ्यापुढे नको जोडू.

कासिल्दा : ओरडतोस काय तिच्यावर? माफीच मागतेय ना बिचारी. घे की. मोठ्या मनानं घे आणि जाऊ दे तिला. दादा? अरे, काय झालं तुला? बस खाली.

एलादियो : शुद्धीवर आलो तेव्हा तू उशाशी होतीस. आठवतं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "काही बोलू नकोस, आम्हाला सगळं कळलंय. फोटो बघितला सगळ्यांनी." आई रडत होती. पाद्री आला होता. मंडळींनी हॅम पाठवला होता. सगळ्यांचं ठरून गेलं होतं गं. मला काही खोटं बोलायला लागलंच नाही. नुसतं पडून राहायचं होतं.

कासिल्दा : काय बोलतोयस तू?

एलादियो : तो माझ्याकडेही आला होता, हॉस्पिटलात. तुझ्याकडे येण्याआधी. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. म्हणाला, "तुला पाय दुखत असेल, मी उद्या येतो, उद्या सांग सगळ्यांना." मी भिंतीकडे तोंड केलं. रोज यायचा. मी रोज भिंतीकडे. मग यायचा थांबला. मी म्हटलं, बरा झालो की सांगेन. मग म्हटलं, तुझं मन शांत झालं की सांगेन. मग तो गेलाच. आणि तू खिडकीशी बसून दोरे उसवत होतीस, मी तुला बघत होतो, पलंगावरून, अख्खा हिवाळा.

कासिल्दा : दादा.

नेलिदा : काका, काय सांगताय तुम्ही?

एलादियो : बैल माझ्यावर येत होता, पोरी. तुझा बाप बाजूला होता, सुटला होता तो, कुंपणाला हात लागला होता त्याचा. मला काही कळलं नाही, मिळेल ते धरलं मी. त्याला आडवा घ्यायला गेलो, शर्ट फाटला, तो पडला आणि शिंग मला लागलं. कासिल्दा, बघ माझ्याकडे. ती मूठ माझी होती.