सात जणांचा सोफा

(परतूर, १९९६. मास्तर संपत, त्याची बायको बेबीनंदा आणि आई झुंबरबाई. नव्या घराची बैठकीची खोली.)

बेबीनंदा : …अन् आज तिसऱ्यांदा सोफ्याला अडखळून पडल्या आत्याबाई. नडगी सोलली. दहा बाय बाराच्या खोलीत सात जणांचा सोफा कशाला घेतला तुम्ही?

संपत : जालन्याच्या दुकानात एवढा वाटला न्हाई.

बेबीनंदा : दुकान केवढं होतं? तिथं ट्रॅक्टर बी लहान दिसला असता.

संपत : आत घेऊन पुन्हा सरकवून पाहू की.

बेबीनंदा : चार बार सरकवला. दार उघडलं की सोफ्याला अडतं, सोफा ओढला की खिडकी झाकली जाती. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून ओसरीत काढला. हे बघा, दोघांच्या सोफ्याएवढे पेपर अंथरलेत फरशीवर. एवढाच आणला तर चालायला किती जागा राहती. आत्याबाई, जरा या इकडं. चालून बघा.

झुंबरबाई : मला काय करायचं चालून? सोफा चांगलाच हाय त्याचा. मीच येंधळी.

बेबीनंदा : या तरी. मधी काहीच ठिवलं न्हाई आता.

झुंबरबाई : आले बाई.

संपत : माय, चौकट हाय तिथं. माय, थांब…

झुंबरबाई : न्हाई लागलं फार.

बेबीनंदा : आत्याबाई, फरशीवर काय अंथरलंय?

झुंबरबाई : …सतरंजी.

संपत : पेपर हायेत, माय. कधीपासून दिसंना तुला?

झुंबरबाई : संक्रांतीपासून धुकट दिसून राह्यलंय. उजेड कळतो, वस्तू न्हाई. जुन्या घरात हाताला ठावं होतं समदं.

संपत : मंग बोलली का न्हाईस? मी पंधरा दिवस ‘नीट बघून चाल’ म्हणून चिडून राह्यलो.

झुंबरबाई : येईल त्याला घर दाखवून राह्यला होतास तू. त्यात माझ्या डोळ्याचं कुठं काढू?

बेबीनंदा : अन् मी सोफ्यालाच बोलत बसले.

संपत : उद्या रजा टाकतो. सकाळच्या गाडीनं जालन्याला जाऊ, डोळ्याच्या डॉक्टरकडं.

झुंबरबाई : जाऊ. पर आधी हात धरून दाखव मला, काय घेतलं ते.

संपत : चल ओसरीत. हं, इथं हात ठिव. इथून सुरू होतो.

झुंबरबाई : मऊ हाय… अजून हायेच का?

संपत : हाय अजून.

झुंबरबाई : लईच मोठा घेतलास रे, संपत.